इशारा उंबरठ्यापर्यंत पोहोचावा

उन्हाळ्याची वर्दी कोणाला द्यावी लागत नाही, असा एक सार्वत्रिक समज आहे. चैत्र सरत आला की ऊन वाढणारच. त्यात सांगण्यासारखे ते काय, असे वडीलधारी मंडळी म्हणतात. हा समज किती महाग पडतो, हे १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला दिसले. 'महाराष्ट्र भूषण' पुरस्काराच्या समारंभासाठी उघड्या मैदानावर लाखोंचा समुदाय जमला होता. त्यातील १४ जण उष्माघाताने दगावले. त्या दिवशी त्या परिसरात पारा चाळिशीलाही पोहोचला नव्हता. परंतु मनुष्याचे शरीर थंड राहते ते घाम सुकल्यामुळे. हवा दमट असली आणि डोक्यावर सावली नसली की घाम नुसताच निथळतो, आणि शरीराची आग आतल्या आत वाढत जाते. पाऱ्याचा आकडा छोटा दिसला म्हणून धोका छोटा होत नाही, हा खारघरचा धडा आहे.

या धड्याचा संबंध मुळशी तालुक्यातील मुठा खोऱ्यासारख्या भागाशी काय, असे कोणी विचारील. डोंगर, झाडी आणि धरणाचे पाणी असलेल्या प्रदेशात उन्हाची धास्ती कसली? पण हवामान खात्याच्या नियमातच या प्रश्नाचे उत्तर आहे. उष्णतेच्या लाटेचा विचार मैदानी प्रदेशात ४० अंशांपासून, किनाऱ्यावर ३७ अंशांपासून, तर डोंगराळ प्रदेशात ३० अंशांपासूनच सुरू होतो; आणि नेहमीच्या मानापेक्षा साडेचार अंशांची वाढ झाली की लाट मानली जाते. ज्या शरीराला जेवढ्या उन्हाची सवय, त्यापलीकडचे ऊन त्याला घातक. शिवाय खोऱ्यातील कष्टाची कामे उन्हाळ्यातच येतात. भातरोपांसाठी राब भाजायचा तो याच दिवसांत. त्याची ठिणगी वाळल्या गवतात गेली की वणवा पेटतो. वीटभट्टीवर गेलेले कातकरी कुटुंब आणि गुरांमागे माळावर हिंडणारा धनगर यांना दुपारची सावली मागून मिळत नाही. शहरातून आलेली पोरे उकाड्याला कंटाळून अनोळखी पाण्यात उतरतात, ती वेगळीच.

आश्चर्य असे की, इशारा देणारी यंत्रणा काही परदेशी नाही. १९२८ साली सिमल्याहून पुण्यास आलेले आणि म्हणून आजही 'सिमला ऑफिस' म्हणून ओळखले जाणारे हवामान खात्याचे कार्यालय याच जिल्ह्यात, शिवाजीनगरला आहे. तेथून पिवळा, नारिंगी, तांबडा असे इशारे निघतात. ते वृत्तपत्रात छापले जातात, दूरचित्रवाणीवर झळकतात. प्रश्न आहे तो ते वाडीवरच्या शेवटच्या झोपडीत पोहोचतात काय, हा.

या खोऱ्याला आणि पुणे शहराला पोहोचू न शकलेल्या इशाऱ्याचा इतिहास ठाऊक आहे. मुठेची उपनदी अंबी. तिच्यावरचे पानशेत धरण १२ जुलै १९६१ च्या सकाळी फुटले. भिंत वाचविण्यासाठी लष्कराचे जवान आधीपासून वाळूच्या गोण्या रचीत होते; संकट दिसत होते. तरीही नदीकाठच्या पेठांतील पुष्कळ घरांत नेहमीचे व्यवहार चालू होते. त्या वेळी वार्ता डोंगरातून शहराकडे उतरावयाची होती. आज ती शहरातून डोंगराकडे चढावयाची आहे. दिशा बदलली, अडचण तीच राहिली.

ही अडचण स्वयंसेवकच दूर करू शकतात. १९७० साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला काम आरंभिले, तेव्हा जेमतेम अक्षरओळख असलेल्या खेड्यातील स्त्रियांनाच त्यांनी आरोग्यसेविका केले. त्या स्त्रियांचे शब्द घराघरांत ऐकले गेले, कारण ते ओळखीच्या तोंडचे होते. पत्र्याच्या घरात एकटी राहणारी म्हातारी कोणती, कोणाला रक्तदाबाची गोळी चालू आहे, कोणाला वाचता येत नाही, हे गावातल्या माणसाला ठाऊक असते. ही ओळख हेच स्वयंसेवकाचे खरे भांडवल होय. हातातला फोन नव्हे.

तथापि, या कामाला शिस्त हवी. पूर्वी गावात दवंडी पिटली जाई. ती कोणाच्या हुकुमाची आणि कोण देतो आहे, हे सर्वांना कळे. आज फोनवर फिरणाऱ्या संदेशाला आई ना बाप. मागच्या वर्षीचा इशारा या वर्षी फिरतो, विदर्भाचा मावळात येतो. खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही, असेही सांगितले जाते. कांद्याने अपाय होत नाही, पण त्याच्या भरवशावर पाण्याचा घोट टळला तर होतो. म्हणून प्रत्येक निरोपात चार गोष्टी असाव्यात : कोणी सांगितले, कोणत्या दिवशी, कोठपर्यंत लागू, आणि करावयाचे काय. धोका टळल्यावर तसेही कळवावे. उन्हाने कोणी कोसळला तर त्याला सावलीत न्यावे, ओल्या फडक्याने अंग पुसून वारा घालावा, शुद्ध नसल्यास तोंडात पाणी ओतू नये आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. एवढे तरी प्रत्येकास पाठ असावे.

एक आक्षेप मात्र रास्त आहे. स्वयंसेवकांच्या पाठीमागे सरकारने आपली जबाबदारी लपवू नये. गावोगावचे आरोग्य ज्यांच्या खांद्यावर आहे, त्या आशा स्वयंसेविकांना योग्य मोबदल्यासाठी २०२३ साली संपावर जावे लागले, हे विसरून चालणार नाही. आणखी असे की, 'दुपारी काम थांबवा' हा सल्ला रोजंदारीवरच्या माणसाला त्या दिवसाच्या भाकरीएवढा महाग पडतो. स्वयंसेवक निरोप देऊ शकेल, बुडालेली मजुरी देऊ शकणार नाही. कामाच्या वेळा सकाळ-संध्याकाळ करणे, कामावर पाणी व मांडव ठेवणे हे सरकारी कामांवर सरकारचे आणि भट्टीवर मालकाचेच काम आहे. ज्याला ऐकण्याची सोय नाही, त्याला दिलेला इशारा म्हणजे नुसती कोरडी सहानुभूती.

शाळेतला शिक्षक, पंचायतीतला कारकून, सुटीवर घरी आलेला विद्यार्थी या तिघांना हे काम जड नाही. आपल्या आळीतील दहा घरे प्रत्येकाने वाटून घेतली, तरी पुष्कळ झाले. इशारा निघाला, एवढ्यावर समाधान मानणाऱ्यांची संख्या आपल्याकडे मोठी आहे. तो पोहोचला की नाही, हे दारात जाऊन पाहणाऱ्यांची वाढली पाहिजे.