तांब्या आईच्या हाती

मे महिन्यात भोपाळचा पारा चाळीसच्या वर जातो. तिथं दिलेल्या माझ्या भाचीचं बाळ तेव्हा तीन महिन्यांचं होतं. "घसा कोरडा पडेल गं, चमचाभर पाणी पाज," असा सासूबाईंचा आग्रह. आपल्याकडची आजी हेच सांगते आणि अज्जीही म्हणते, "स्वल्प नीरु कुडिसु." माया खरीच, पण सल्ला बदलायला हवा.

आईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असतं. म्हणून पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, असं जागतिक आरोग्य संघटना २००१ पासून सांगते, कडक उन्हाळ्यातही. बाळाचं पोट एवढंसं. ते पाण्यानं भरलं की दूध कमी जातं आणि पाणी अशुद्ध असलं तर जुलाब लागतात.

सहा महिन्यांनंतर वरच्या खाण्याबरोबर उकळून गार केलेलं पाणी वाटी-चमच्यानं थोडं थोडं द्यावं. पण उकळल्यानं जंतू मरतात, विषारी रसायनं जात नाहीत. भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्याभोवतीच्या वस्त्यांत ती भूजलात उतरली. १९८४ च्या वायुकांडानंतर वीस वर्षांनी, २००४ मध्ये, तिथं शुद्ध पाणी पुरवा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला. तेव्हा पाणी कधी द्यायचं, याबरोबरच ते कुठलं, हेही विचारावं.

भाचीनं सासूबाईंना दुखावलं नाही. "आई, तो तांब्या मला द्या," म्हणाली. पोटभर पाणी प्यायली आणि मग बाळाला पदराखाली घेतलं.