भाकरी घालणाऱ्यानेच ऑपरेशनही करावं

चाकण एमआयडीसीत निघोजे, महाळुंगे, खराबवाडी अशी कुठलीही बाजू घ्या. कंपनीच्या सिक्युरिटी केबिनच्या आडोशाला एखादी कुत्री असतेच. तिला नाव असतं, कँटीनची उरलेली पोळी-भाजी मिळते, रात्रपाळीच्या गार्डला तिची सोबत असते. ती माजावर येते, दोन महिन्यांनी विते आणि पिल्लं कंटेनरच्या चाकांखाली खेळू लागतात. त्यांचं पुढे काय होतं, ते पहिल्या पाळीला येणाऱ्या प्रत्येकाने रस्त्यावर पाहिलेलं आहे.

मी इथेच एका कंपनीत स्टोअर सांभाळते, राहते मोशीला. घरच्या गावठी कुत्रीचं नसबंदीचं ऑपरेशन पहिल्या माजाआधीच करून घेतलं. सासूबाई म्हणत होत्या, "एकदा तरी आई होऊ दे गं तिला, पाप लागेल." डॉक्टरांनी त्यांना समजावलं: एकदा व्यायल्याने तब्येतीला काही फायदा होत नाही. उलट वेळेत गर्भपिशवी काढली, तर स्तनांच्या गाठींचा धोका खूप कमी होतो. मोठ्या जातींत थोडं थांबायला सांगतात, ते वय डॉक्टरांनाच ठरवू द्यावं.

पिशवीत पू होणं म्हणजे काय, ते आमच्या सोसायटीतल्या लॅब्रॅडोरमुळे कळलं. माज होऊन महिना उलटलेला, सारखी पाणी पीत होती, पोट टम्म, खाणं बंद. रात्रीच ऑपरेशन करावं लागलं. वाचली, पण ते हाल टाळता आले असते. नराचं ऑपरेशन तर आणखी सोपं. माजावरच्या कुत्रीमागे हायवेवर धावणं आणि मारामाऱ्या कमी होतात.

2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार पाळीव कुत्र्याच्या नसबंदीची जबाबदारी मालकाची, भटक्याची स्थानिक संस्थेची. गेटवरची कुत्री कागदावर भटकी, वागणुकीत पाळलेली. मोशीपुढे इंद्रायणी ओलांडली की पिंपरी-चिंचवड महापालिकेची हद्द संपते, पुढे चिंबळी, कुरुळीसारख्या ग्रामपंचायती. एवढ्या कारखान्यांच्या गेटवरची कुत्री त्यांनी एकट्यांनी कुठवर सांभाळायची?

म्हणून मला वाटतं, जिच्या कँटीनवर कुत्री जगते त्या कंपनीनेच तिच्या ऑपरेशनचा आणि रेबीजच्या लसीचा खर्च उचलावा. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत सीएसआरच्या कामांमध्ये प्राणीकल्याण स्पष्ट लिहिलेलं आहे. आणि टाके भरले की तिला त्याच गेटवर परत आणावं. दुसरीकडे सोडली, तर उरलेल्या पोळीवर दुसरी, ऑपरेशन न झालेली कुत्री येऊन बसते.