डायबोरेन अभ्यासक्रमात परत आणा

अभ्यासाचा भार हलका करण्यासाठी एनसीईआरटीने २०२२ साली अकरावीच्या रसायनशास्त्रातून पी-ब्लॉक मूलद्रव्यांचे प्रकरण वगळले. त्याबरोबर डायबोरेन हे बोरॉन-हायड्रोजनचे संयुगही गेले. पाठांतर कमी झाले हे खरे. पण विज्ञानात नियम कसे बदलतात हे शिकवणारा एक उत्तम धडाही हातचा गेला.

तुलनेसाठी इथेन घ्या. त्यात सात बंध असतात आणि त्यांना १४ इलेक्ट्रॉन लागतात. डायबोरेनमध्ये दोन बोरॉन आणि सहा हायड्रोजन मिळून बंधांसाठी इलेक्ट्रॉन असतात अवघे १२. प्रत्येक बंधाला दोन अणू आणि दोन इलेक्ट्रॉन, या नियमाने हे संयुग टिकायलाच नको. पण जर्मनीत आल्फ्रेड स्टॉक यांनी १९१२पासून बोरॉनची अशी हायड्राइडे, म्हणजे बोरेन, तयार करून दाखवली. हवा लागताच पेट घेऊ शकणारी ही संयुगे हाताळता यावीत म्हणून त्यांनी निर्वात नळ्यांचे तंत्र उभारले.

डायबोरेनची रचना कशी, हा वाद मात्र चालूच राहिला. लिनस पॉलिंग यांच्यासारखे दिग्गज इथेनसारख्या रचनेच्या बाजूने होते. १९४३ मध्ये ऑक्सफर्डमध्ये पदवीचे शिक्षण घेणाऱ्या ख्रिस्तोफर लाँगेट-हिगिन्स यांनी आपले शिक्षक आर. पी. बेल यांच्यासह पुलाची रचना मांडली. दोन हायड्रोजन दोन्ही बोरॉनना जोडतात. अशा प्रत्येक पुलात तीन अणू मिळून दोन इलेक्ट्रॉन वापरतात. टोकाच्या चार बंधांचे आठ आणि दोन पुलांचे चार. बारांचा हिशेब चोख लागतो. १९५१ मध्ये हेडबर्ग आणि शोमेकर यांच्या इलेक्ट्रॉन विवर्तनाच्या प्रयोगांनी या रचनेवर शिक्कामोर्तब केले.

पुढे विल्यम लिप्सकोम यांना बोरेनच्या बंधांवरील कामासाठी १९७६चे नोबेल मिळाले. केनेथ वेड यांनी १९७१ मध्ये इलेक्ट्रॉन मोजून बोरेनच्या पिंजऱ्यांसारख्या रचनांचा आकार सांगण्याचा नियम दिला. एकमेकांना जोडलेल्या पिंजऱ्यांपर्यंत तो नेणारा ‘एमएनओ’ नियम २००१ मध्ये ई. डी. जेम्मिस आणि सहकाऱ्यांनी भारतातूनच मांडला.

पुरावा नियमात बसत नसेल तर नियम बदलावा लागतो आणि तो बदल सुचवण्याचा हक्क विद्यार्थ्यालाही असतो, हे डायबोरेनइतक्या थोडक्यात दुसरा कोणता धडा शिकवणार? एनसीईआरटीने हा धडा अभ्यासक्रमात परत आणावा. तोवर अकरावीच्या शिक्षकांनी आपला एक तास त्याला द्यावा.