चाचणी मुलाची, तर भाषाही मुलाचीच

तिसरीची पहिली सत्र परीक्षा झाली आणि शाळेतून निरोप आला, "तुमचा मुलगा मंद आहे, त्याची तपासणी करून घ्या." त्या रात्री घरात जेवण कुणालाच गेलं नाही. दादी म्हणाली, "नजर लागली असेल, दम करून आणा." खाला म्हणाली, "एकदा कागद झाला की तो जन्मभर मागे लागेल. मोठेपणी रिश्ता कोण देणार?" खरं सांगायचं तर आम्हा दोघांनाही हीच भीती होती. म्हणून पुढचे चार महिने आम्ही काहीच केलं नाही. भगिनींनो, ही चूक आमची आहे आणि आधी ती कबूल करतो.

आमचा मुलगा दुकानावर बसला की सुट्ट्या पैशांचा हिशेब तोंडी करतो. ऐकलेली गोष्ट महिनाभराने जशीच्या तशी सांगतो. पुस्तक समोर आलं की मात्र 'कमल'चं 'कलम' होतं आणि फळ्यावरची एक ओळ उतरवायला अर्धा तास जातो. त्यात आपलं गोंदिया! घरात आम्ही उर्दू मिसळलेली हिंदी बोलतो, शाळा मराठी, मकतबात कायदा उजवीकडून डावीकडे आणि गल्लीत पोवारी नि छत्तीसगढी. मग हा गोंधळ भाषांचा म्हणायचा की वाचण्यातलाच अडथळा?

शेवटी एका ठिकाणी चाचणी केली. सगळे प्रश्न पुस्तकी मराठीत, तेही भराभर. वांग्याच्या चित्राला मुलाने 'बैंगन' म्हटलं, तर उत्तर चूक धरलं. तासाभरात कागद हातात पडला, 'बुद्धी कमी'. आम्ही तो कागद घेऊन गुमान घरी आलो.

मन मानेना, म्हणून महाराष्ट्र एक्सप्रेसने नागपूर गाठलं. तिथल्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी पहिलाच प्रश्न केला, "घरात मुलाशी कोणत्या भाषेत बोलता?" मग आधी कान आणि डोळे तपासून आणायला सांगितले. बुद्धीची चाचणी हिंदीतून घेतली. वाचन, लेखन आणि गणिताची चाचणी वेगळ्या दिवशी घेतली. शाळेच्या वह्या पाहिल्या. मकतबात कायदा कसा वाचतो, तेही विचारलं. त्यांनी समजावलेली गोष्ट आम्ही विसरणार नाही. अडचण फक्त भाषेची असेल तर ती परक्या भाषेत दिसते आणि घरच्या भाषेत मूल सुटतं. अडचण वाचण्याचीच असेल तर ती प्रत्येक लिपीत दिसते. आमचा मुलगा देवनागरीत अडखळत होता आणि अरबी अक्षरांतही. बुद्धी वयाप्रमाणे, अडचण विशिष्ट अध्ययन अक्षमतेची.

2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात 21 प्रकारची दिव्यांगता धरली आहे आणि ही अक्षमता त्यातली एक. केंद्राच्या 2018 च्या सूचनांमध्ये तिचं प्रमाणपत्र वयाच्या आठव्या वर्षानंतरच द्यायचं ठरलं होतं. 14 व्या आणि 18 व्या वर्षी पुन्हा तपासणी करायला त्यांत सांगितलं होतं. म्हणजे लहानपणीचा कागद जन्मभराचा शिक्का नाही. तो दाखवला तर मुलाला दहावीच्या परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक यांसारख्या सवलती मागता येतात. मतिमंदत्व, स्वमग्नता किंवा ऐकण्याची अडचण असेल तर चाचण्या वेगळ्या. त्यांच्यासाठी आठ वर्षांची वाट मुळीच पाहू नये.

सुरुवातीलाच नागपूर गाठायची गरज नाही. आपल्या जिल्ह्यात आठ तालुके आहेत. सालेकसा, देवरीच्या आईने आधी तालुक्याच्या गट साधन केंद्रात जाऊन समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना भेटावं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत आणि शाळेत येतं, त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. पथकापुढे आपली शंका मोकळेपणाने बोला. शाळेला अर्ज लेखी द्या आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्या. प्रमाणपत्रासाठीचा अर्ज स्वावलंबन पोर्टलवर भरतात.

चाचणीला जाताना वह्या, गुणपत्रिका आणि जुने औषधांचे कागद सोबत ठेवा. मूल उपाशी किंवा झोपाळलेलं नेऊ नका. बसल्याबरोबर सांगा, "आमच्या घरी ही भाषा बोलतात." अहवाल हातात आला की त्याचा अर्थ तिथेच विचारा. नुसता आकडा घेऊन उठू नका. वर्गात उद्यापासून काय करायचं, तेही लिहून मागा.

एक बोचणारी गोष्टही सांगायला हवी. मुलगा वाचू शकला नाही तर आपण निदान तपासणीपर्यंत तरी पोचतो. मुलगी वाचू शकली नाही तर तिला घरकामाला लावून मोकळे होतो. तिचीही तपासणी झालीच पाहिजे. अल्लाहने दोघांनाही अमानत म्हणूनच आपल्या हाती दिलं आहे.

आमचा मुलगा आजही हळूच वाचतो. पण बाई त्याला प्रश्न वाचून दाखवतात आणि तो उत्तर तोंडी देतो. परवा दादीने विचारलं, "काय रे, शाळेत जातोस ना रोज?" तो म्हणाला, "हां दादी, अब पेट में नहीं दुखता." त्याचं पोट सकाळी का दुखायचं, हे आम्हाला तेव्हा कळलं.