बादली, नळी आणि कलम ६५

थोडं लांब लिहितोय. द्राक्षवाल्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

मागच्या हंगामात ऐन तोडणीच्या तोंडावर आमच्या बागेला अवकाळी लागला. मणी तडकले. बोली झालेला व्यापारी फोन उचलेना. निवडून-सवरून जो माल गेला तो गेला, चार क्रेट पडवीत पडून राहिले. पोरगा म्हणाला, "आण्णा, एवढी वाइन वाइन करतात, आपण घरापुरती करून बघायची का?"

बघू म्हटलं. माहिती काढली तर साहित्य हसू येण्याइतकं साधं. खाद्यपदार्थांसाठी चालणारी वीस लिटरची झाकणवाली बादली. झाकणाला बसणारा एअरलॉक, म्हणजे आतला गॅस बाहेर सोडणारी आणि बाहेरची हवा आत येऊ न देणारी पाण्याची छोटी नळी. गाळायला मलमलचं फडकं. तळाचा गाळ न ढवळता रस काढायला चार-पाच फूट नळी. यीस्टचं पाकीट. भांडी निर्जंतुक करायला केएमएस पावडर. रसातली साखर मोजायला हायड्रोमीटर. तो नसला तरी गोडी बघायचं रिफ्रॅक्टोमीटर आपल्यातल्या बहुतेकांच्या घरात आहेच. पंचवीसेक किलो द्राक्षांत एक बादली. सगळं ऑनलाइन मिळतं, निम्मं तर घरातच होतं.

ऑर्डर टाकायच्या आधी ओळखीच्या वकिलांना सहज विचारलं. ते म्हणाले, "आण्णा, या भानगडीत पडू नका. कलम ६५ वाचा."

वाचलं. १९४९ चा दारूबंदी कायदा. विनापरवाना दारू गाळणं गुन्हा, हे आपल्याला माहीत आहे. पण त्याच कलमात पुढे आहे की मादक पदार्थ तयार करण्याच्या उद्देशाने साहित्य, भांडी, उपकरणं जवळ बाळगणं हाही गुन्हा. पेपरात हातभट्टीच्या छाप्याच्या बातमीखाली येतं ते '६५ फ' हेच. म्हणजे रस अजून द्राक्षातच आहे, तरी बादली, नळी आणि मनातला हेतू एवढ्यावर मी आरोपी!

माझा राग इथे आहे. हातभट्टी म्हणजे नवसागर, सडका गूळ आणि खाली जाळ. तिथे दारू उकळून वाफेतून काढतात. वाइनला जाळ लागत नाही. यीस्ट साखर खातं, अल्कोहोल होतं, साखर संपली की काम थांबतं. अठरा ब्रिक्सच्या रसातून जेमतेम दहा टक्के. २०१५ साली मालवणीत शंभरावर माणसं गेली ती मिथेनॉल पाजल्यामुळे. तो विषाचा धंदा आणि घरापुरती एक बादली एकाच कलमात कशी बसते?

आणि हेच सरकार दुसऱ्या हाताने काय करतं? २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं. वायनऱ्यांना सवलती दिल्या. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाइन विकायचा निर्णय घेतला, तोही शेतकऱ्याचं नाव पुढे करून. विरोध झाला, ते बारगळलं, ते असो. वायनऱ्या वाढाव्यात, माझी ना नाही. पण शेतकऱ्याने द्राक्ष पिकवलं की तो बळीराजा, वायनरीने आंबवलं की उद्योग, आणि त्याच शेतकऱ्याने घरात आंबवलं की गुन्हेगार? हा कुठला न्याय?

आता काही जण म्हणतील, दारू ती दारू, घराघरांत भट्ट्या लागतील. या बोलण्याला मी हसणार नाही. माझा सख्खा चुलता दारूने गेला. काकूने तीन लेकरं कशी वाढवली ते डोळ्यांनी पाहिलंय. आडवी बाटली करायला उन्हात रांगेत उभ्या राहणाऱ्या बायांपुढे मी मान खाली घालतो. पण चुलता प्यायचा ती दारू घरची नव्हती. सरकारमान्य देशी दुकानातली होती, कर भरलेली. संध्याकाळी तलफ आलेला माणूस महिना-दोन महिने बादली निवळायची वाट बघत बसत नाही, तो सरळ दुकान गाठतो.

मोकळं रान कोणीच मागत नाही. अमेरिकेत दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साधारण ७५० लिटर वाइन स्वतःपुरती करायला केंद्र सरकार कर लावत नाही. आपल्याला एवढी नको. घरटी पन्नास लिटर ठेवा. विक्री बंद, ऊर्ध्वपातन बंद, वय एकवीसच्या पुढे, उत्पादन शुल्क खात्याकडे साधी नोंद. ज्या गावच्या ग्रामसभेतल्या बाया नको म्हणतील, त्या गावात नाही. मोडलं तर खुशाल ६५ लावा. आमदारसाहेब, यात न जमण्यासारखं काय आहे ते सांगा.

आमचे चार क्रेट शेवटी गोठ्यात गेले. गाईंनी आवडीने खाल्ले. त्यांना अजून कुठलं कलम लागत नाही.

पटत नसेल तर खाली भांडा. पण आधी कलम वाचा, मग भांडा. आणि पटत असेल तर नुसता अंगठा दाबून पुढे जाऊ नका, पुढच्या बागायतदार मेळाव्यात हा विषय काढा.