लेकरांच्या धास्तीवर ॲपचा उतारा!

दहावीतली मुलगी. चाचणीच्या आदल्या रात्री छाती धडधडते, तळहातांना घाम फुटतो, पोटात कालवते. घरात सांगितले तर ‘टेन्शन कुणाला नसते?’ हे उत्तर ठरलेले. शाळेत सांगावे असे कुणी नाहीच. मग ती मोबाइल उघडते. पडद्यावर पाच चेहरे, त्यांतला आजचा आपला निवडायचा. एक वर्तुळ फुगते, आक्रसते. त्याच्या तालावर श्वास घ्यायचा, सोडायचा. पुढचा पाठ हवा? पैसे भरा! पंधरा वर्षांच्या लेकराच्या भीतीची या समाजाने केलेली तजवीज ती एवढीच!

ॲपशी आमचे वैर नाही. श्वसनाचे व्यायाम, विचारांची नोंद, भीतीला पायरीपायरीने सामोरे जाणे ही मानसोपचारातली पारखलेली साधने आहेत आणि चांगली ॲप ती शिकवतातही. पण धास्तावलेले मूल शाळा टाळते, फळ्यापाशी जाणे टाळते, बोलणे टाळते. त्याला आज फाटकापर्यंत, उद्या बाकापर्यंत नेणारे माणूसच लागते. ‘मला जगायचे नाही’ असे त्याने मध्यरात्री लिहिले, तर धावून जाणारेही माणूसच लागते.

ते माणूस कुठे आहे? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांतले १,७६४ महाराष्ट्रातले. सर्व राज्यांत सर्वाधिक! फुले-आगरकरांचा वारसा सांगणाऱ्या राज्याची मान या आकड्याने खाली जायला हवी. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये बजावले. शिक्षकाच्याच गळ्यात हेही काम बांधून किंवा पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर ॲपची लिंक टाकून त्या आदेशाची बोळवण करता येणार नाही.

आणि लेकराने पडद्यावर ओतलेले मन जाते कुठे? ‘बेटरहेल्प’ या समुपदेशन कंपनीने ग्राहकांची माहिती जाहिरातींसाठी फेसबुक, स्नॅपचॅटला पुरवली, म्हणून अमेरिकी व्यापार आयोगाने २०२३ मध्ये तिला ७८ लाख डॉलर भरायला लावले. आपल्याकडेही त्याच वर्षी कायदा झाला: अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरायला पालकांची संमती सक्तीची, त्यांच्यावर पाळत ठेवणाऱ्या जाहिरातींना बंदी. पण २०२५ च्या नियमांनी कंपन्यांना आणखी दीड वर्षाची मुदत बहाल केली. मुलांची भीती मुदत घेऊन येते काय?

सरकारने समुपदेशकांची पदे अर्थसंकल्पात मंजूर करावीत. तज्ज्ञांनी तपासले नाही असे एकही ॲप शाळेच्या दारातून आत येता कामा नये. ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर ठळक लिहावा. पालकांनो, गुण विचारण्याआधी मुलाला झोप लागते का, ते विचारा. आणि संस्थाचालकहो, इमारत निधीला पैसा निघतो, तर समुपदेशकाच्या पगारालाही निघालाच पाहिजे!