आरटीईची सीट ही सवलत की हक्क? २०२४ चा अख्खा वाद या एका प्रश्नावर फिरला

दरवर्षी वर्षाच्या सुरुवातीला राज्यातल्या हजारो घरांत एक फाइल तयार होते. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, भाडेकरार, मुलाचा जन्मदाखला. आरटीईचे ऑनलाइन अर्ज सुरू झाले की फॉर्म भरायचा आणि सोडतीत नंबर लागतो का याची वाट बघायची. लागला, तर घराजवळच्या खासगी शाळेत आठवीपर्यंत फी नाही.

९ फेब्रुवारी २०२४ ला राज्य सरकारने एक अधिसूचना काढली आणि त्या वर्षी या फाइलचा उपयोगच संपल्यासारखा झाला. ज्या विनाअनुदानित खासगी शाळेच्या १ किलोमीटर परिसरात सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तिला २५ टक्के जागा राखून ठेवायची गरज नाही, असं त्यात म्हटलं होतं. आता पुण्या-मुंबईत १ किलोमीटरच्या आत महापालिकेची किंवा अनुदानित शाळा नाही असा भाग शोधून दाखवा! एप्रिलमध्ये अर्ज सुरू झाले तेव्हा पालकांसमोरच्या यादीत खासगी इंग्रजी शाळा फारच थोड्या उरल्या होत्या.

सोशल मीडियावर दोन गट पडायला वेळ लागला नाही. सरकारी शाळा जवळ आहे, तीही फुकट, मग करदात्यांच्या पैशातून खासगी शाळेची फी कशाला, असं एका गटाचं म्हणणं होतं. दुसरा गट म्हणत होता, हा आमचा हक्क आहे. गंमत म्हणजे 'हक्क' म्हणजे नेमकं काय, यावर दोन्हीकडून फारसं कुणी बोललं नाही. कोर्टात मात्र सगळं त्यावरच ठरलं.

मग हक्क म्हणजे काय?

एसटीचं उदाहरण घ्या. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीच्या तिकिटात ५० टक्के सूट मिळते. ही सरकारची योजना आहे. उद्या सरकारने ती बंद केली तर लोक चिडतील, आंदोलन होईल, निवडणुकीत फटकाही बसेल. पण माझं अर्धं तिकीट परत द्या म्हणून कोर्टात गेलं, तर हाती काही लागण्याची शक्यता कमीच. ती सवलत आहे. देणाऱ्याच्या मर्जीवर चालते.

हक्क मर्जीवर चालत नाही. आपल्याला हक्क आहे म्हणजे दुसऱ्या कुणावर तरी बंधन आहे, आणि त्याने ते पाळलं नाही तर दाद मागायला जागा आहे. यातलं एकही नसेल, तर ती मागणी असते. ती कितीही न्याय्य असली तरी तिला नैतिक हक्क म्हणता येईल, कायदेशीर नाही.

जाता जाता, मराठीत यासाठी दोन शब्द आहेत आणि आपण ते हवे तसे वापरतो. 'शिक्षण हक्क कायदा' म्हणतो, पण 'माहितीचा अधिकार'. अधिकार म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यासमोर आधी साहेब येतो, कारण अधिकारी हा शब्द त्यातूनच आला. हक्क नागरिकाकडे असतो, अधिकार बहुतेक वेळा खुर्चीकडे. या प्रकरणातही तसंच होतं. नियम करण्याचा अधिकार सरकारकडे होता, सीटचा हक्क मुलांकडे. प्रश्न एवढाच होता, की वरचढ कोण?

मागणीपासून मूलभूत हक्कापर्यंत

मुलांचं शिक्षण हक्काच्या प्रत्येक पायरीवर काही काळ थांबून पुढे गेलंय.

महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. किमान १२ वर्षं वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, असं त्यांनी त्यात मांडलं. तेव्हा ती निव्वळ मागणी होती. पुढे सयाजीराव गायकवाडांनी बडोदा संस्थानात १९०६ मध्ये आणि शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९१७ मध्ये मोफत आणि सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू केलं. पण ते संस्थानापुरतं, राजाने ठरवलं म्हणून. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये ब्रिटिश भारतासाठी असंच विधेयक आणलं आणि ते पुढच्या वर्षी फेटाळलं गेलं.

संविधान आलं तेव्हा शिक्षण अनुच्छेद ४५ मध्ये गेलं. १४ वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना १० वर्षांच्या आत मोफत आणि सक्तीचं शिक्षण देण्याचा प्रयत्न राज्य करेल, असं त्यात लिहिलं होतं. वाचायला दणदणीत. पण हे कलम मार्गदर्शक तत्त्वांत होतं. कारभार करताना सरकारने ही तत्त्वं पाळायची असतात, मात्र ती मोडली म्हणून कोर्टात जाता येत नाही, असं अनुच्छेद ३७ सांगतो. १० वर्षांची मुदत १९६० मध्ये संपली. शाळेबाहेरच्या मुलांकडे त्याबद्दल दाद मागायला काहीच मार्ग नव्हता.

कोंडी फुटली १९९३ मध्ये. उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ वर्षांपर्यंतचं शिक्षण जगण्याच्या हक्कात, म्हणजे अनुच्छेद २१ मध्ये, वाचलं. मग २००२ ची ८६ वी घटनादुरुस्ती झाली आणि ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी अनुच्छेद २१-अ आला. तो कसा राबवायचा हे सांगणारा कायदा २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून दोन्ही एकदम लागू झाले. फुल्यांच्या निवेदनापासून धरलं तर १२८ वर्षं.

यात हक्कांचे प्रकारही आपोआप समोर येतात. २१-अ हा मूलभूत हक्क. तो डावलला तर अनुच्छेद ३२ खाली थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येतं. खासगी शाळेतल्या २५ टक्के जागा ही त्या हक्काची अंमलबजावणी करणाऱ्या कायद्यातली तरतूद, कलम १२(१)(क). हा वैधानिक हक्क. तो संसदेने दिला, संसद तो बदलूही शकते. या दोन्हींच्या मधलाही एक प्रकार आहे. मालमत्तेचा हक्क पूर्वी मूलभूत होता. ४४ व्या घटनादुरुस्तीनंतर, १९७९ पासून, तो अनुच्छेद ३००-अ मध्ये आहे, म्हणजे संविधानात आहे पण मूलभूत नाही. तो मोडला तर उच्च न्यायालयात जाता येतं, पण अनुच्छेद ३२ चा थेट रस्ता बंद.

अधिसूचना का टिकली नाही?

मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०२४ ला तिला स्थगिती दिली आणि १९ जुलैला ती रद्द केली. कारण समजायला सोपं आहे. संसदेच्या कायद्यात विनाअनुदानित खासगी शाळेने किमान २५ टक्के जागा द्यायच्या, असं सरळ म्हटलंय. जवळ सरकारी शाळा असेल तर सूट, अशी अट त्यात नाही. राज्याला नियम करता येतात, पण ते कायदा राबवण्यासाठी. कायद्यात नसलेली सूट नियमात घुसवता येत नाही. शिवाय ही सूट २१-अ आणि समानतेच्या हक्काच्याही विरोधात जाते, असं न्यायालयाने म्हटलं. ९ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानेही या निकालात हस्तक्षेप करायला नकार दिला.

मधल्या काळात काही शाळांनी या जागा फी भरणाऱ्या मुलांना देऊन टाकल्या होत्या. ते प्रवेश काढू नका, पण २५ टक्के कोटा भरा, असा तोडगा न्यायालयाने दिला.

पण हक्क म्हटला की सगळीकडे सारखाच, असंही नाही. कर्नाटकने असाच नियम २०१८ च्या अखेरीस केला होता आणि तिथल्या उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तो वैध ठरवला. देश एक, कायदा एक. बेळगावच्या पालकाला मिळालेलं उत्तर मात्र कोल्हापूरच्या पालकाच्या अगदी उलट.

शाळांच्या बाजूने बोलायला काहीच नाही का?

आहे. शाळा चालवणं हा अनुच्छेद १९ खालचा व्यवसायाचा हक्क आहे. त्याच जोरावर खासगी शाळा २५ टक्क्यांच्या अटीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या होत्या. २०१२ मध्ये न्यायालयाने ही अट म्हणजे व्यवसायावरचं वाजवी बंधन आहे, असं सांगून ती कायम ठेवली. अल्पसंख्याक शाळांना अनुच्छेद ३० चं वेगळं संरक्षण असल्याने त्या यातून सुटल्या.

शाळांची दुसरी तक्रार जास्त खरी आहे. या मुलांचा खर्च सरकारने शाळेला द्यायचा असतो. शाळेची फी किंवा सरकारचा दर मुलामागचा खर्च, यातली कमी असेल ती रक्कम. हे पैसे वर्षानुवर्षं थकतात, असं संस्थाचालक सतत सांगत आलेत. हेही कायद्यानेच दिलेलं देणं आहे, उपकार नाही. सरकार आपलं बंधन पाळत नाही, त्याचा राग सोडतीत नंबर लागलेल्या मुलावर निघतो, आणि अधिसूचनेने त्या रागाला वाट करून दिली.

या गदारोळात आणखी एक गोष्ट हरवली. आरटीई म्हणजे फक्त २५ टक्के जागा नव्हेत. झेडपीच्या प्राथमिक शाळेत ६० मुलांपर्यंत २ शिक्षक, मुलं-मुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं सुरक्षित पाणी, हेही त्याच कायद्यात लिहिलंय. 'मग झेडपीत जा' म्हणणाऱ्यांनी आणि तिथे मुलं पाठवणाऱ्यांनीही हे कलम १९ आणि सोबतची अनुसूची एकदा वाचायला हवी. त्यासाठी कुठलीही सोडत लागत नाही.

हा हक्क कुठे संपतो?

आठवीच्या निकालाच्या दिवशी. २१-अ ६ ते १४ वयापुरता आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये ३ ते १८ वर्षांपर्यंतच्या शिक्षणाचं उद्दिष्ट आहे, पण धोरण म्हणजे कायदा नव्हे. त्यामुळे पहिलीत सोडतीतून आलेलं मूल नववीत जातं तेव्हा शाळा त्याच्या पालकांना पूर्ण फीची पावती देऊ शकते. रिक्षा चालवणाऱ्या किंवा धुणीभांडी करणाऱ्या पालकांकडे मग दोनच पर्याय उरतात, पैसे उभे करायचे किंवा आठ वर्षांची शाळा सोडून दुसरी शोधायची. इथे कुणीही कायदा मोडलेला नसतो. त्यामुळे कोर्टात जायलाही कारण नसतं.